उद्धवच्या यंत्राची कॅरेज

महाशिवरात्रीची सुट्टी होती, म्हणून शैलजा त्या दुपारी घरीच होती. ओट्यावर उजेड चांगला, म्हणून टाईपरायटर तिनं तिथंच मांडला होता आणि सकाळपासून तिची बोटं थांबली नव्हती. घशाला कोरड पडली तशी ती पाणी प्यायला आत गेली. तांब्या तोंडाला लावते न लावते तोच बाहेर धाडकन आवाज झाला. भांडं पडल्याचा तो आवाज नव्हता.

ती धावत बाहेर आली. यंत्र ओट्याखालच्या दगडी पायरीवर उपडं पडलं होतं आणि तिची सासू जनकाबाई ओट्यावर उभी होती. दोन्ही हात रिकामे, तसेच पुढं धरलेले.

"हात सुटला," जनकाबाई म्हणाली. "ऊन आलं म्हणून सावलीत सरकवाले गेली, तं हात सुटला."

पायरीवर बसून शैलजानं ते पंधरा किलोचं धूड दोन्ही हातांनी सुलटं केलं. खालचं धड शाबूत होतं. कळा दाबल्या तर अक्षरं उठत होती. पण वरची कॅरेज, म्हणजे कागद आणि रोलर घेऊन अक्षरागणिक डावीकडे सरकतो तो भाग, एका अंगानं मोडून लोंबत होती. बिडाचा कान तुटला होता, रोलरचा गज वाकला होता, आणि ज्या दात्यांच्या पट्टीवरून कॅरेज सरकते त्या पट्टीचे सरळ दोन तुकडे झाले होते.

"दुरुस्त होईन ना व?" जनकाबाईनं विचारलं.

"परीक्षा रविवारी आहे," शैलजा म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती सासूशी एक शब्द बोलली नाही.

यंत्र उद्धवचं होतं. उद्धव जनकाबाईचा धाकटा मुलगा, शैलजाचा नवरा. मेहकरच्या कोर्टासमोर लिंबाखाली बसून तो लोकांचे अर्ज टाईप करायचा. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेला. मागं राहिल्या या दोघी, भाड्याची एक खोली आणि ते यंत्र. मोठा दीर महादेवराव लोणारकडच्या खेड्यातून गाडी घेऊन आला होता, दोघींना न्यायला. शैलजा मॅट्रिक झालेली. ती म्हणाली, मला सहा महिने द्या. त्या सहा महिन्यांत नवऱ्याच्या यंत्रावर बोटं आपटून आपटून ती टाईप शिकली आणि पंचायत समितीत तात्पुरती टंकलेखिका म्हणून लागली. महाराष्ट्र राज्य होऊन सात वर्षं होत आली होती, सरकारी कागद इंग्रजीतून मराठीत यायला लागले होते आणि मराठी टाईप येणारी माणसं तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पण नोकरी टिकवायची तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागे. पहिल्या वेळी शैलजाला ताप होता. दुसऱ्या वेळी वेग बसला, पण चुका तीनच जास्त झाल्या. ही तिसरी खेप आणि शेवटची. साहेबांनी लेखी कळवलं होतं की या वेळी प्रमाणपत्र आलं नाही तर मार्चअखेर जागा रिकामी करावी. रिकामी करून जायचं कुठं, हे साहेबांनी लिहिलं नव्हतं. ते शैलजाला ठाऊक होतं. महादेवरावाच्या वाड्यामागच्या गोठ्याला लागून एक खोली होती. तिथं राहायचं, दुसऱ्याच्या चुलीवर रांधायचं आणि जाऊबाई म्हणतील तेव्हा शेतात निंदायला जायचं. तशी एक चुलत सासू त्या घरात होतीच. तिला कोणी नावानं हाक मारत नसे.

परीक्षा बुलढाण्याला, आणि तिथं आपलं यंत्र आपण घेऊन जायचं, असा नियम. शुक्रवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच शैलजा साहेबांच्या दारात उभी राहिली. कचेरीचं यंत्र दोन दिवस मिळेल का? साहेब वाईट माणूस नव्हता. पण सरकारी वस्तू तालुक्याबाहेर जाऊ देणं त्याच्या हातात नव्हतं, आणि हातात असतं तरी त्यानं दिलं नसतं. तिथून ती कोर्टासमोर वामनरावांकडे गेली. वामनराव उद्धवच्या शेजारी बसायचे, वीस वर्षं तिथं टाईप करत आलेले. त्यांनी लगेच आपलं यंत्र पुढं सरकवलं. शैलजानं बोटं ठेवली आणि एक ओळ मारली. 'क' दाबावा तर 'ट' उठे, काना शोधावा तर वेलांटी हाती येई. यंत्र जुन्या तऱ्हेचं, कळांची मांडणीच वेगळी.

"दोन दिवसांत बोटं नाही वळणार, बेटा," वामनराव म्हणाले. "तुझंच यंत्र जागेवर आण. खामगावले रंगराव आहे, कापूस मार्केटच्या मागं. जिनिंगवाल्यांची सगळी यंत्रं त्याच्याकडे असतात. मेलेल्या यंत्रांचे अवयव ठेवतो तो. नवी कॅरेज मागवायची तर महिना जाईल. त्याच्याकडची एखादी बसली तर बसली. पण पाहून घेजो. त्याच जातीची, त्याच मापाची पाह्यजे."

शनिवारी सकाळच्या गाडीनं शैलजा निघाली. यंत्र गोधडीत बांधलं होतं. ते उचलायला दुसरा माणूस लागे, म्हणून जनकाबाई न विचारता सोबत आली आणि गाडीभर ते मांडीवर घेऊन बसली. शैलजा खिडकीशी. घाट उतरताना गाडी हिसके मारी, तशी म्हातारी दोन्ही हातांनी गाठोडं पोटाशी धरी. शैलजाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. यंत्र ओट्याच्या मधोमध होतं. सावली भिंतीकडं होती आणि पायरी उलट्या बाजूला. सावलीत सरकवताना ते पायरीवर कसं पडेल?

रंगरावाचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर रोलर, स्प्रिंगा, अक्षरांच्या दांड्या, नुसते सांगाडे. रंगराव साठीचा. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात उतरू घातलेला. त्यानं यंत्र पाहिलं म्हणण्यापेक्षा चाचपलं. आंधळा माणूस नातवाचं तोंड चाचपतो तसं.

"याले वेल्डिंग चालत नाई," तो म्हणाला. "बीड हाय. तापवलं का तडकते. दुसरीच कॅरेज घालावी लागन. कधी पाह्यजे?"

"आज," शैलजा म्हणाली. "उद्या अकराला बुलढाण्यात परीक्षा आहे. साडेपाचची गाडी शेवटची."

रंगराव हसला नाही. त्यानं फळीवरून एकेक करून तीन कॅरेज खाली काढल्या आणि बाकावर ओळीनं मांडल्या.

पहिली लांबलचक, हिशेबाचे मोठे तक्ते टाईप करायच्या यंत्राची. ती त्यानंच बाजूला सारली. तुमच्या यंत्राच्या स्प्रिंगला हे वजन ओढवायचं नाही, म्हणाला. दुसरी एका बंद पडलेल्या कंपनीच्या हापिसातली. चकचकीत, निकेल अजून शाबूत, रोलरचं रबर मऊ, नख रुतेल असं. तिसरी गंजलेली. कुठल्या शाळेच्या अडगळीतून आलेली, रोलर दगडासारखा टणक, वर उंदरांनी काय केलं होतं देव जाणे.

"ही घ्या," रंगरावानं चकचकीत कॅरेजवर हात ठेवला. "मेक तेच. सालही जवळपास तेच. रुळावर अशी बसन का बस."

शैलजाचं मन तिथंच गेलं होतं. त्या मऊ रोलरवर कागद कसा धरला जाईल, ते तिला बोटांत जाणवत होतं. गंजक्या कॅरेजकडं तिनं दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

जनकाबाई उंबऱ्याशी बसली होती. मोडक्या कॅरेजचे तुकडे तिच्या पदरात होते. ती चकचकीत कॅरेजकडं वाकली आणि खालच्या पट्टीवर तिनं अंगठा फिरवला.

"शैला," ती म्हणाली, "याचे दाते बारीक हायेत व."

शैलजा मऊ रोलरवरून बोट फिरवत राहिली.

"आपल्या पट्टीचे दाते फणीसारखे. हे तं उवा काढाच्या फणीवानी हायेत."

"आजीबाई, दाते समदे सारखेच असतात," रंगराव पेचकस शोधत म्हणाला. "रुळ जुळले म्हनजे झालं."

जनकाबाईनं सुनेकडं पाहिलं. शैलजानं ऐकलं होतं. पण त्या वेळी सासूचं काहीही, एक अक्षरही, ऐकून घ्यायची तिची इच्छा नव्हती. "हीच बसवा," ती रंगरावाला म्हणाली.

जुनी काढायला एक तास गेला. नवी बसवायला दीड. रुळांना तेल पाजलं, स्प्रिंगची फीत अडकवली. दुपारचे अडीच वाजले होते. कॅरेज खरोखरच लोण्यावरून सरकावी तशी सरकली. रंगरावानं कागद चढवला आणि स्टूल पुढं केलं. शैलजानं पदर खोचला, बोटं ठेवली आणि पाठ असलेला उतारा सुरू केला.

पहिल्या शब्दातच यंत्र अडखळलं. पुढं 'म'वर 'ह' चढला. काना 'र'च्या पोटात गेला. मग कॅरेजनं एकदम उडी मारली आणि दोन अक्षरांची जागा कोरी सोडली. तिनं पुन्हा मारलं. हळू मारलं. एकेक कळ मोजून दाबली. कागदावर अक्षरांची नुसती गर्दी. चिमटीतून मुंग्या टाकाव्या तशी.

रंगरावानं कान लावला. आत काहीतरी करकरत होतं. त्यानं पट्टीवर बोट फिरवलं, मग खालच्या चाकावर, मग पुन्हा पट्टीवर. त्याचा चेहरा उतरला.

"इंग्रजी बारीक टायपाची हाय ही," तो हळूच म्हणाला. "चक्राचे दाते मोठे, पट्टीचे बारीक. बसतच नाईत एकमेकात. माह्या हातानं कसं चुकलं..." त्यानं डोळे चोळले. "माय, आजीबाई सांगत होत्या ना?"

जनकाबाईनं मोडक्या पट्टीचा तुकडा पुढं धरला आणि अंगठ्याचं पेर त्यावर टेकवलं. "इथं दहा. आन त्याच्यात बारा. म्या दोन खेपा मोजले."

शैलजाला वाटलं, इथंच या तेलकट फरशीवर बसावं आणि मोठ्यानं रडावं. पण रडायलाही वेळ लागतो. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच तास गेले होते, आणि ते तिच्याच हट्टानं गेले होते. सासू सांगत होती. तिनं ऐकलं नव्हतं. आता सासूवर रागवायची सोयही तिला उरली नव्हती.

"ती मोजा," ती गंजक्या कॅरेजकडं बोट दाखवून म्हणाली. दुकानात आल्यापासून सासूला उद्देशून तिचं हे पहिलं बोलणं.

जनकाबाईनं पदरानं गंज पुसला, अंगठा टेकवला, ओठ हलवत मोजलं. मग खात्री करायला दुसऱ्या टोकाकडून मोजलं. "दहा," ती म्हणाली.

"माप तं जुळते," रंगराव म्हणाला. "पन रोलर पाह्यला का? दगड हाय. कागद घसरन. त्या चकचकीत कॅरेजचा रोलर इच्यात बसत नाई, त्याचा गज जाड हाय. तुमचा वाकला. सोमवारी अकोल्याहून नवा रबर चढवून आनून देतो, एकदम फस्‌क्लास."

"सोमवारी माझी नोकरी नसेल, भाऊ."

रंगराव तिच्याकडं बघत राहिला. त्याला तिचा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. "मंग हीच," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर तिघंही कामाला लागले. रंगरावानं कॅरेज उतरवली. जनकाबाईनं रॉकेलचा बोळा घेऊन दाता न्‌ दाता घासला. शैलजानं पॉलिश कागद घेतला आणि तो टणक रोलर खरवडायला सुरुवात केली. वरची चकाकी गेली की कागदाला थोडी पकड मिळते, असं रंगराव म्हणाला होता. तिच्या बोटांची सालटं निघाली तेव्हा म्हातारीनं तिच्या हातातून पॉलिश कागद ओढून घेतला. "बोटं संभाळ," ती म्हणाली. "उद्या तुलेच लागतीन."

पाचला दहा कमी असताना कॅरेज बसली. शैलजानं एक ओळ मारली. अक्षरं एकामागं एक, आपापल्या जागी उभी राहिली. दुसरी ओळ घेताना कागद घसरला आणि ओळ तिरपी झाली.

"मागं अजून एक कागद घाला," रंगराव म्हणाला. "दोन कागद असले म्हनजे जरा धरते. आन नव्या ओळीवर डाव्या हातानं रोलरची गुंडी दाबून ठेवजा. वेग जाईन थोडा. माह्या हातून याच्याहून जास्त होत नाई, बाई."

कापूस मार्केटपासून स्टँडपर्यंत गाठोडं दोघींनी दोन टोकांनी धरून नेलं. गाडी सुटता सुटता मिळाली.

बुलढाण्याच्या घाटाला गाडी लागली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. गाठोडं पुन्हा जनकाबाईच्या मांडीवर.

"हात नोता सुटला," ती म्हणाली.

शैलजानं मान वळवली नाही.

"म्या ढकललं ते. तू पानी प्याले गेली, आन म्या ढकललं."

"काऊन?" शैलजाच्या तोंडून घरची बोली निघाली.

"बेबीताई आल्ती आदल्या दिशी, तू हापिसात असतानी. तिचा नवरा हापिसात हाय ना. ते म्हने, पास झाली का पर्मनंट व्हते, आन पर्मनंट झाली का बदली व्हते. कुठंबी. म्हने जवान बाई हाय, शहरात जाईन, तिकडं कोनी पाहून घेईन, म्हातारीले कोन नेते संगं." जनकाबाईनं गोधडीची गाठ उगाच घट्ट केली. "माहा उद्धव गेला. तू गेली तं मले महादेवच्या गोठ्याजवळ जाऊन बसा लागन. ते यंत्र दिवसभर खटखट करून राह्यलं होतं. मले वाटलं, हेच नेऊन राह्यलं तुले. आन ढकललं. पडल्यावर समजलं म्या काय केलं ते."

शैलजाला ओरडायचं होतं. माझा जन्म होता तो, तुम्ही पायरीवर आपटलात, असं म्हणायचं होतं. पण गाडी माणसांनी भरलेली होती, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीचे हात रॉकेलनं काळे झालेले होते.

"तुमाले मले विचारता आलं असतं, आत्याबाई," ती शेवटी म्हणाली. "एकदा. नुसतं विचारता आलं असतं."

"हाव," जनकाबाई म्हणाली. "आलं असतं."

तेवढंच. माफ केलं असं शैलजा म्हणाली नाही, कारण तिनं केलं नव्हतं. बुलढाण्याला उतरल्यावर त्या धर्मशाळेत राहिल्या, सोबत बांधून आणलेली भाकर खाल्ली, आणि एकमेकींकडं पाठ करून झोपल्या.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या वर्गात होती. चाळीसेक यंत्रं, चाळीसेक माणसं. बायका तिघीच. पर्यवेक्षकानं घंटा वाजवली आणि गारा पडाव्या तसा आवाज सुटला. शैलजानं मागं जोडकागद घातला होता. पहिल्या चार ओळी सरळ गेल्या. पाचव्या ओळीला कागद घसरला. तिनं डाव्या हातानं गुंडी दाबली, ओळ सरळ केली, आणि तेवढ्यात शेजारचा माणूस तिच्या पुढं एक ओळ गेला. मग तिनं ऐकणं सोडलं. प्रत्येक ओळ संपली की गुंडी, मग बोटं. गुंडी, मग बोटं. सोललेल्या टोकांतून रक्त आलं आणि दोन कळा चिकट झाल्या. पुढं काय छापत होतं ते तिला कळत नव्हतं. फक्त मजकूर डोळ्यांत येत होता आणि हातांतून जात होता. घंटा वाजली तेव्हा शेवटचा शब्द अर्धा राहिला होता.

दारात जनकाबाई उभी होती. आत सोडत नव्हते म्हणून सकाळपासून उन्हात. तिनं पुढं होऊन यंत्राचं एक टोक धरलं. सांगण्यासारखं शैलजाला काहीच माहीत नव्हतं.

निकाल यायला सात आठवडे लागले. मार्चअखेर गेली. साहेबांनी निकालापर्यंत जागा ठेवली, पण तिच्या टेबलावर रोज येणारा कागद दुसऱ्याकडं जाऊ लागला. ती दिवसभर रिकाम्या यंत्रापुढं बसे. घरी दोघी बोलत, पण पाण्याचं, पिठाचं, सरपणाचं. महादेवरावाचा निरोप दोनदा येऊन गेला. गोठ्याजवळची खोली त्यानं सारवून घेतली होती. त्या दिवसांत शैलजाला जेवण जाईना. एकदा कचेरीतून येताना ती वाटेतल्या विहिरीच्या काठाशी उगाच थांबली, आणि का थांबली हे लक्षात आल्यावर घाबरून जवळजवळ पळतच घरी आली.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. ती पास झाली होती. चालायच्या तेवढ्याच चुका होत्या. आणखी एक झाली असती तर नाही. साहेबांनी हात पुढं करून अभिनंदन केलं आणि पंधरा दिवसांनी कायम नेमणुकीचा हुकूम हातात दिला. बेबीताईचा नवरा खरं बोलला होता. नेमणूक मेहकरला नव्हती. जळगाव जामोदला होती. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी.

शैलजा घरी आली. जनकाबाई चुलीपुढं होती. शैलजानं हुकूम वाचून दाखवला. गावाचं नाव आलं तशी म्हातारीची काठवटीतली बोटं थांबली.

शैलजा भिंतीला टेकून बसली. सात आठवडे तिनं या क्षणाचा विचार केला होता. कधी वाटे, एकटीनं निघून जावं. तो राग खोटा नव्हता. पण गोठ्याजवळची ती खोलीही तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

"दोन खोल्या मिळतीन म्हणे तिकडं," ती म्हणाली. "एक तारखेले हजर व्हा लागते. तुमची पेटी आधी बांधू का माही?"

जनकाबाईनं भाकर तव्यावर टाकली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. धुराचं निमित्त होतंच.

"घाटाखाली पानी खारं राह्यते म्हने," ती म्हणाली.

"हाव. खारं हाय."

"मंग डाळ शिजते का तिथं?"

"शिजते," शैलजा म्हणाली. "वेळ लागते."